ब्रेक मारला की डावीकडे, सोडला की उजवीकडे

माझ्याकडे १९७२ सालची एमजी बी जीटी ही ब्रिटिश गाडी आहे. गडद हिरवी, मागे काचेचं उचलायचं दार असलेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ७,२०० पाउंडांना घेतली. मी मेकॅनिक नाही, रेडिंगमध्ये आयटीत नोकरी करतो. आजवर मोटारीशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता. सहा महिने ब्रेक आणि स्टिअरिंगच्या तक्रारींशी झटापट केली, त्यात ४६० पाउंड निव्वळ चुकीच्या जागी घातले. जुनी गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या चार मराठी मंडळींनी अलीकडे विचारलं, म्हणून घडलं तसं लिहितोय.

आधी कागदपत्रांचं. इंग्लंडमध्ये गाडीला चाळीस वर्षं उलटली की ती 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवता येते. मग रोड टॅक्स शून्य. पण शून्य असला तरी दरवर्षी 'भरावा' लागतो, म्हणजे अर्ज करावाच लागतो. मे २०१८ पासून अशा गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीही माफ आहे, फक्त गाडीत फार मोठे बदल केलेले नसावेत. तसं व्ही-११२ फॉर्मवर लिहून द्यायचं. ही माफी ऐकून मी खूश झालो होतो. तिचा दुसरा अर्थ नंतर कळला: ही गाडी शेवटची कुणी नीट तपासली, याचा कागद कुठेच नव्हता. तपासणी माफ असली तरी गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच.

हिवाळाभर गाडी गॅरेजात झाकून ठेवली. पाडव्यानंतरच्या रविवारी, २६ मार्चला पहिल्यांदा लांब काढली. कॅव्हरशॅमवरून ए-४०७४ धरला. हा रस्ता ऑक्सफर्डकडे वळणं घेत जातो आणि बाइकवाल्यांचा लाडका आहे. वॉलिंगफर्डजवळच्या राउंडअबाउटला ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे खेचली गेली. झटका नव्हे, कुणी हात धरून बाजूला घ्यावं तशी. पंचावन्न मैलांच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं. शिवाय मधोमध दीड इंच स्टिअरिंग फिरवलं तरी चाकांना पत्ताच नाही. बायको शेजारी होती. ती काही बोलली नाही, पण परत येईपर्यंत दाराचं हँडल धरून बसली.

त्या रात्री मी जे केलं ते करू नका. 'गाडी ओढते' एवढंच टाइप करून तासभर शोधलं आणि ठरवून टाकलं की अलाइनमेंट (चाकांच्या दिशेची जुळणी) गेलंय. ३ एप्रिलला एका टायरवाल्याकडे अलाइनमेंट करून घेतलं, ४८ पाउंड. फरक शून्य. मग ठरवलं की ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चाकामागच्या डिस्कला पॅडने चिमटीत धरणारे भाग, अडकलेत. गावातल्या एका गॅरेजमध्ये तीन आठवडे वेटिंग होतं, नंबर लागल्यावर मीच सांगितलं, "पुढचे दोन्ही कॅलिपर आणि पॅड बदला." त्यांनी बदलले. बिल ४१२ पाउंड. त्यांना दोष देता येत नाही. 'तपासा' असं मी म्हटलंच नव्हतं, 'बदला' म्हटलं होतं. गाडी दोन दिवस बरी वाटली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

६ मेला इथे राजाचा राज्याभिषेक होता, सोमवारी सुट्टी, त्यामुळे सुट्या भागांची दुकानं बंद. रविवारी साताऱ्याला अण्णांना फोन लावला. अण्णांनी पंचवीस वर्षं सरकारी अँबॅसिडर चालवली. अँबॅसिडरचं १,४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या गाडीचं १,७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या एकाच बी-सीरिज घराण्यातली. स्टिअरिंगही दोन्हीकडे रॅक-पिनियनचंच, म्हणजे दातेरी पट्टी आणि चक्राचं. मी हे त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांना इंजिनाच्या कुळात रस नव्हता.

"ओढती कधी?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक मारल्यावर, अण्णा. डावीकडे."

"आणि सोडल्यावर?"

मी गप्प. कधी बघितलंच नव्हतं.

"अरे, मग तू बघितलंस काय? एक वही घे. रिकाम्या रस्त्याला जा. दाबताना काय करती, धरून ठेवल्यावर काय करती, सोडल्यावर काय करती, तिन्ही वेगवेगळं लिही. आणि एका वेळी एकच काम कर. दोन गोष्टी बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत नाही."

वही घेतली. सुट्टीच्या सोमवारी पहाटे ओल्या रिकाम्या रस्त्यावर तीस मैलांच्या वेगाने दहा वेळा ब्रेक मारले. दाबताना गाडी डावीकडे जायची. दाबून धरलं की हळूहळू सरळ व्हायची. आणि सोडल्यावर दोन-तीन सेकंद चक्क उजवीकडे झुकायची. दीड महिना हे माझ्यासमोर घडत होतं आणि मला फक्त पहिला भाग दिसला होता.

शनिवारी १३ मेला पंधरा पाउंडांचं लांबून तापमान मोजायचं थर्मामीटर आणलं. पाच मैल गाडी शक्यतो ब्रेक न मारता चालवली, थांबलो आणि दोन्ही पुढच्या चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) मोजले. डावं ५४ अंश, उजवं ११८. (डिस्क चकचकीत असते, तिच्यावर हे यंत्र खोटं बोलतं. दोन्हीकडे हबवरची तीच मळकी जागा धरा.) माझा गोंधळ वाढला. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक जास्त धरतो, असं मी समजून होतो. मग गरम उजवा का?

उत्तर ब्रेकच्या लवचिक होजमध्ये होतं. लोखंडी पाइपमधून आलेलं ब्रेक ऑइल चाकापर्यंत न्यायला शेवटी रबरी होज असतो, कारण चाक वळतं आणि वरखाली होतं. या गाडीत असे तीन: पुढे दोन, मागच्या ॲक्सलला एक. रबर म्हातारं झालं की बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून फुगतं. भोक बारीक होतं. पेडल दाबल्यावर तिथून दाब उशिरा पोचतो, म्हणून उजवा ब्रेक मागे पडतो आणि गाडी डावीकडे जाते. सोडल्यावर तोच दाब परत यायलाही वेळ लागतो, म्हणून उजवा ब्रेक धरूनच राहतो, गाडी उजवीकडे झुकते आणि चाक तापतं. दोन उलट लक्षणं, एकच आजार. कॅलिपर नवे असले काय, जुने असले काय.

पण या वेळी खात्री केल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. रविवारी १४ मेला गाडी जॅकवर घेतली आणि खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. बायकोने पेडल दाबून सोडलं. उजवं चाक हाताने फिरेना. कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल पाव फेरा सैल केलं, चमचाभर ऑइल उडालं आणि चाक मोकळं फिरायला लागलं. म्हणजे दाब आत अडकत होता. पण कुठे? पुन्हा पेडल दाबून सोडलं. आता निपलला हात न लावता, होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपला जोडलेला नट किंचित सैल केला. चाक तसंच घट्ट. दाब होजच्या वर नव्हता, खालीच कोंडला होता. हाच चोर. दोष मास्टर सिलिंडरचा (पेडलकडून दाब तयार करणाऱ्या भागाचा) असता तर वरचा नट सोडल्यावर चाक सुटलं असतं, आणि बहुधा दोन्ही चाकं धरली असती.

तिन्ही होज ३१ पाउंडांना मिळाले, डॉट-४ ब्रेक ऑइल ९ पाउंड. ४१२ च्या बिलानंतर हा आकडा बघून हसावं की रडावं कळेना.

होज बदलताना शिकलेल्या दोन-तीन गोष्टी. ऑइलच्या टाकीचं झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि झाकण पुन्हा लावा, खालून ऑइल कमी गळतं. होजला पीळ पडता कामा नये: आधी कॅलिपरकडचं टोक नव्या तांब्याच्या वॉशरसह घट्ट करा, मग वरचं टोक एका पान्याने धरून ठेवत दुसऱ्याने नट आवळा. पाने इंची लागतात, मिलिमीटरचे नटाचे कोपरे खातात. अण्णा अजून सुतातच बोलतात, अर्धा इंच म्हणजे चार सूत. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. आणि रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. माझ्या पुढच्या मडगार्डवर रुपयाएवढा डाग अजून आहे.

जुना उजवा होज करवतीने कापून बघितला. आतलं भोक टाचणीच्या डोक्याएवढं उरलं होतं. तुकडा टेबलावर ठेवलाय.

पेडल अजून खोल जात होतं. मागे ड्रम ब्रेक आहेत आणि ते आपोआप ॲडजस्ट होत नाहीत. प्रत्येक चाकामागच्या पत्र्यावर एक चौकोनी डोक्याचा स्क्रू असतो. चाक अडकेपर्यंत तो फिरवायचा, मग मोकळं होईपर्यंत मागे घ्यायचा. दहा मिनिटांचं काम, पेडल दोन इंच वर आलं. ड्रम उघडलात तर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

२१ मेला गाडी ब्रेक मारल्यावर सरळ थांबली. दाबताना, धरताना, सोडताना, तिन्ही वेळा. वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या.

ब्रेक संपले, स्टिअरिंग होतंच. आधी मला दोन्ही एकच भानगड वाटत होती, आणि म्हणूनच मी एकाच्या औषधाने दुसरं बरं करायला बघत होतो.

३ जूनला पुन्हा घोड्या. पुढचं चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून हलवलं. उजव्या चाकात स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा, टकटक असा आवाज. हा प्ले बेअरिंगचा की किंगपिनचा (ज्या उभ्या दांड्याभोवती चाक वळतं त्याचा)? युक्ती सोपी आहे: दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे डिस्क आणि हब जखडले जातात. प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर त्यामागचं किंगपिन. माझा राहिला. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर काही जाणवलं नाही, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) ठीक.

या गाडीच्या किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत आणि दर तीन हजार मैलांना त्यांत ग्रीस मारायचं असतं. उजव्या बाजूचं एक निपल रंगाने बुजलेलं होतं. कधीतरी कुणीतरी गाडी सुंदर दिसावी म्हणून तळही रंगवला, आणि त्याखाली किंगपिन कोरडं झिजत राहिलं. अण्णांना फोटो पाठवला. उत्तर आलं: "ग्रीस नाही, मग दुसरं काय होणार."

किंगपिन घरी बदलण्याचं धाडस केलं नाही. त्याचे बुश (आतल्या नळ्या) नेमक्या मापाला रीम करावे, म्हणजे आतून घासून घ्यावे लागतात. तयार जोडी बदलून मिळते: २३६ पाउंड, वर ८० पाउंड अनामत, जुने भाग परत पाठवले की ती परत. पार्सल यायला तीन आठवडे लागले आणि अनामत खात्यात यायला आणखी अठरा दिवस. खोक्यात पावतीची प्रत घालायला विसरलो होतो, म्हणून दोन ईमेल करावे लागले. तुम्ही विसरू नका. त्याच गॅरेजने १९५ पाउंड मजुरीत ते बसवले. त्यांना या वेळी माझी वही दाखवली. मेकॅनिकने ती शांतपणे वाचली आणि म्हणाला की असं लिहून आणलं तर त्याचा तपासायचा अर्धा तास वाचतो.

किंगपिननंतर टकटक गेली, थरथर राहिली. ती मात्र लाजिरवाणी निघाली. टायरवर लंबगोलात चार आकडी संख्या असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या चारही टायरवर २३०९. म्हणजे २००९ मधला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर, म्हणून मला टायर नवे वाटले होते. प्रत्यक्षात चौदा वर्षांचे, लाकडासारखे कडक. अलाइनमेंट करणाऱ्यानेही ते बघितले नाहीत, आणि मी तरी गाडी घेताना कुठे वाचलं होतं? १६५ आर १४ मापाचे चार नवे, बॅलन्सिंगसह ३७२ पाउंड. थरथर संपली. गाडी घ्यायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी हा आकडा वाचा, फुकट आहे.

उरला मधला दीड इंच मोकळेपणा. तो आता इंचभर झाला होता. गाडी जमिनीवरच ठेवायची, इंजिन बंद. बायकोने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवलं आणि मी टॉर्च घेऊन बॉनेटखाली डोकं घातलं. स्टिअरिंगचा दांडा खाली रॅकला जिथे जोडतो तिथे एक क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट असतो. वरचा दांडा फिरत होता, खालचा थबकून मग निघत होता. या जागी डोळ्यांनी दिसतं, अंदाज करायची गरज नाही.

जॉइंट ३८ पाउंडांचा. तो काढायला १५ जुलैचा अख्खा शनिवार गेला. दोन्ही टोकांचे आवळणारे बोल्ट नुसते सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावे लागतात, कारण ते दांड्यावरच्या खाचेतून जातात. हे कळायला मला दीड तास आणि एक हातोडी लागली. शिवाय दांडा मागे सरकवल्याशिवाय जॉइंट सुटत नाही, त्यासाठी डॅशबोर्डखालचे बोल्ट. रॅकखाली पातळ पत्र्याच्या चकत्या होत्या, त्या कुठून निघाल्या ते फोटो काढून ठेवलं. दांडा आणि रॅक एका रेषेत नसले की नवा जॉइंटही लवकर झिजतो. काढण्याआधी रंगाने खूण केली होती, तरी स्टिअरिंग एक दाता वाकडं बसलं. रविवारी पुन्हा काढलं.

सगळ्यांत शेवटी अलाइनमेंट, पुन्हा ४८ पाउंड. पुढची चाकं किंचित आत, एक षोडशांश ते तीन बत्तिसांश इंच. एप्रिलमध्ये केलेलं अलाइनमेंट झिजलेल्या किंगपिनवर केलं होतं, ते टिकणार कसं?

एमओटी माफ होती तरी मी स्वतःहून करून घेतली, ९ ऑगस्टला. सरकारने ठरवलेली कमाल फी ५४.८५ पाउंड, मला ४५ पडले. माझ्या मनात एकच होतं: ब्रेक दोन्हीकडे सारखे आहेत हे मी नव्हे, यंत्राने सांगावं. पुढची दोन्ही चाकं रोलरवर जवळपास बरोबरीने आली. मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर तपासनीस म्हणाला, "नापास." हँडब्रेक.

आजच्या गाड्यांच्या हँडब्रेकला १६ टक्के क्षमता पुरते. पण माझ्या गाडीत ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे. एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात आणि मग उरतो तो हँडब्रेकच. म्हणून अशा गाड्यांना २५ टक्के लागतात. माझे आले १९. मागचे लायनर मी ॲडजस्ट केले होते, पण हँडब्रेकच्या केबलकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. गाडी त्याच केंद्रावर दुरुस्तीला ठेवली तर दहा कामकाजी दिवसांच्या आत पुन्हा तपासणी फुकट असते, बाहेर नेली तर पुन्हा पैसे द्यावे लागू शकतात. म्हणून तिथेच ठेवली. केबल ओढून, तरफेच्या सांध्याला ग्रीस देऊन ४० पाउंड. दुसऱ्या दिवशी २९ टक्के. पास.

त्या संध्याकाळी वहीतला हिशेब केला. पहिल्या अलाइनमेंटपासून एमओटीपर्यंत सगळं धरून १,४८९ पाउंड. अण्णांना आकडा सांगितल्यावर ते फोनवर खोकला येईपर्यंत हसले. त्यांच्या अँबॅसिडरच्या इंजिनाचा आकडा अगदी हाच. चुकीच्या निदानाचे ४६० वजा केले तर हजाराच्या थोडं वर झालं असतं, आणि दीड महिना वाचला असता.

गणपतीच्या आधीच्या रविवारी, १७ सप्टेंबरला पुन्हा ए-४०७४ वरून निघालो, या वेळी ॲबिंग्डनपर्यंत. माझी गाडी तिथल्याच कारखान्यात जुळवली गेली होती. तो १९८० मध्ये बंद झाला. वॉलिंगफर्डच्या राउंडअबाउटला ब्रेक दाबला. बायकोचे दोन्ही हात मांडीवर होते, ती मोदकाच्या सारणात खसखस घालायची की नाही यावर बोलत होती.

परत आल्यावर दोन्ही चाकं मोजली. डावं ६१, उजवं ६३. अण्णांना कळवलं.

"बरं. ग्रीस मारलंस का?"

मी गॅरेजात परत गेलो आणि ग्रीस गन शोधली.